वितळवण्याआधी त्याच्यावरचे शिक्के वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या जिल्हा पुरवणीत एक छोटी बातमी होती. जुना वाडा पाडताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक गंजलेलं ‘ब्रिटिशकालीन पिस्तूल’ सापडलं, घरमालकांनी ते पोलीस ठाण्यात जमा केलं, आणि कायदेशीर कार्यवाही झाल्यावर ते नष्ट करण्यात येईल. घरमालकांनी केलं ते अगदी योग्य केलं. शेवटचं वाक्य मात्र मी तीनदा वाचलं आणि त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

बातमीसोबतच्या फोटोत ते हत्यार वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलेलं आहे. मूठ पोपटाच्या चोचीसारखी आत वळलेली, नळी जेमतेम अडीच इंचांची, मध्ये जाडजूड फिरतं सिलिंडर. म्हणजे ते पिस्तूल नाही, रिव्हॉल्वर आहे. पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये बसतात, रिव्हॉल्वरमध्ये ती गोल फिरणाऱ्या सिलिंडरच्या कप्प्यांत असतात आणि घोडा मागे ओढला की पुढचा कप्पा नळीसमोर येतो. आणि ‘ब्रिटिशकालीन’ म्हटल्यानं ते कुठं बनलं, कधी बनलं, इथं कसं आलं, यातलं काहीच कळत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरात याच जातीचं एक रिव्हॉल्वर चार पिढ्या आहे, आणि त्यातल्या तीन पिढ्यांनी त्याच्याबद्दल जे सांगितलं ते सगळं चुकीचं होतं.

माझे पणजोबा हिरड्याचे व्यापारी. जावळी आणि महाबळेश्वरच्या बाजूला डोंगरात हिरडा गोळा करणाऱ्या माणसांची मजुरी रोख द्यावी लागे. आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी ते घोड्यावरून पैशाची पिशवी घेऊन वर जात. त्या वाटेसाठी त्यांनी हे रिव्हॉल्वर घेतलं. आजोबा सांगायचे, एका गोऱ्या साहेबाचा जीव पणजोबांनी वाचवला, त्यानं खूश होऊन आपल्या कमरेचं काढून दिलं. विलायतेतल्या वेब्ली कंपनीचं, अस्सल. पुरावा म्हणून ते सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर कोरलेली अक्षरं दाखवायचे. इंग्रजीत ‘ब्रिटिश बुलडॉग’. आम्ही मुलं ती अक्षरं बोटानं चाचपत वाचायला शिकलो. मला इंग्रजी लिपीतली पहिली अक्षरं ओळखता आली ती त्या पट्टीवरून.

वडिलांच्या नावावर परवाना होता. निवडणुका लागल्या की ते पिशवीत गुंडाळून ठाण्यात जमा करायचे, निकालानंतर पावती दाखवून परत आणायचे. माझ्या आठवणीत त्यातून एकदाही बार निघाला नाही. 2012 साली वडील गेले. तेराव्याच्या आधीच माझ्या एका चुलतभावानं, अगदी प्रेमानं, ‘काकांची आठवण आहे, चकचकीत करून ठेवू’ म्हणून त्याला पॉलिशपेपर मारला. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत नळीची उजवी बाजू आणि सिलिंडरचा अर्धा भाग पांढरा झाला होता. मी त्याच्यावर आवाज चढवला नाही, पण तो दिवस मी विसरलेले नाही. जुन्या लोखंडावरचा तो काळपट थर शंभर वर्षांत बसलेला असतो, आणि त्याखाली उमटवलेले शिक्के केसाएवढ्या खोलीचे असतात. दोन हात पॉलिशपेपर मारला की ते गेले. परत आणता येत नाहीत.

वडिलांच्या नावाचा परवाना त्यांच्याबरोबर संपला, त्यामुळे हत्यार घरात ठेवणं आता बेकायदा होतं. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 प्रमाणे ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. ‘शंभर वर्षांपूर्वीचं आहे, त्याला कसला परवाना’ असं आमच्या आळीत मला चार जणांनी सांगितलं. हा समज चुकीचा आहे. कायद्यातली सूट आहे ती जुनाट किंवा पुरातन मोलाच्या अशा हत्याराला, जे दुरुस्त करूनही चालवता येणार नाही. नुसतं वय पुरत नाही, आणि चालतं की नाही हे आपण घरबसल्या ठरवायचं नसतं. मी ते पुण्यातल्या एका जुन्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा केलं आणि वारसाहक्कानं परवान्यासाठी अर्ज केला.

त्या दुकानात माझी पंचाईत झाली. काउंटरमागचे वृद्ध गृहस्थ, त्यांचे वडीलही याच धंद्यात होते, त्यांनी रिव्हॉल्वर हातात घेतलं, सिलिंडर रिकामं असल्याची खात्री केली, आणि एकदाच उलटं करून म्हणाले, ‘ताई, हे वेब्ली नाही.’

मी म्हटलं, वर लिहिलंय की.

ते म्हणाले, ‘लिहिलेलं वाचू नका, ठोकलेलं वाचा.’

हे वाक्य माझ्या काळजाला भिडलं, कारण माझा सगळा जन्म त्यातच गेला. मी एकतीस वर्षं एका इंजिनिअरिंग कारखान्यात तपासणी विभागात होते. मशिनवरून आलेला प्रत्येक नग व्हर्नियरनं, गेजनं मोजायचा आणि पास झाला तर त्यावर आपला पंच, म्हणजे ठोकून उमटवायचा शिक्का, मारायचा. माझा पंच होता गोलात 17. माल कुठल्याही नावानं विकला जावो, वेष्टनावर काहीही छापलेलं असो, आतल्या नगावर 17 असेल तर तो माझ्या हाताखालून गेलेला. नाव विकणारा घालतो. शिक्का तपासणारा मारतो.

पुढच्या खेपेला मी माझं भिंग आणि व्हर्नियर घेऊन गेले. त्यांच्या देखत, त्यांच्याच टेबलावर, दोन तास ते हत्यार पाहिलं. नळीची डावी बाजू भावाच्या हातून वाचली होती. सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, कप्प्यांच्या मधल्या जागेत, एक अंडाकृती चौकट दिसली. आत ई, एल आणि जी ही अक्षरं, खाली इवलीशी चांदणी. तो शिक्का बेल्जियममधल्या लीज शहराच्या परीक्षागृहाचा. तिथं बंदुका तपासण्याची पद्धत 1672 पासूनची आहे. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा, मग नळी फुगली का, चीर गेली का, सांधे हलले का हे पाहायचं, आणि टिकली तरच शिक्का. इंग्लंडमध्येही तसंच. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह 1813 चं, त्यांच्या शिक्क्यावर मुकुट आणि फुलीसारखे दोन राजदंड असतात. आमच्या रिव्हॉल्वरवर राजदंड कुठंच नव्हते.

आता खरी गंमत पुढे आहे. लीजच्या त्या अंडाकृती शिक्क्यावर 1893 पासून मुकुट येऊ लागला. आमच्यावर मुकुट नाही. म्हणजे ते 1893 च्या आधीचं. चौकटीच्या शेजारी, नळीच्या मुळाशी, एक वेगळा बारीक शिक्का होता. एक अक्षर आणि त्याच्या डोक्यावर चांदणी. हा परीक्षागृहातल्या तपासनिसाचा स्वतःचा पंच. प्रत्येकाला आपापलं अक्षर. 1877 पर्यंत त्या अक्षरावर मुकुट असे, 1877 पासून तिथं चांदणी आली. आमच्यावर चांदणी आहे. म्हणजे 1877 नंतर आणि 1893 च्या आधी, या सोळा वर्षांत कधीतरी ते लीजच्या परीक्षागृहाच्या टेबलावर होतं.

भिंगाखाली ते अक्षर मी किती वेळ पाहत बसले मला आठवत नाही. खालच्या बाजूनं ते जरा जास्त खोल उमटलं होतं, हातोडीचा घाव किंचित तिरका बसला की तसं होतं. दिवसभरात शेकडो नग हाताखालून गेले की चारच्या पाळीला माझाही घाव तसाच बसायचा. कोण होता तो माणूस, माझ्या गोलातल्या 17 सारखं ज्याचं ते अक्षर होतं. त्यानं या नळीत डोकावून पाहिलं, ‘पास’ म्हटलं, आणि सव्वाशे वर्षांनी वाईची एक बाई त्याचा पंच ओळखते आहे. त्या दिवशी आजोबांच्या साहेबाची गोष्ट गेली याचं मला दुःख झालं नाही.

मग ‘ब्रिटिश बुलडॉग’चं काय? बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीनं 1872 साली त्या नावाचं खिशात मावणारं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. पाच बार, अडीच इंची नळी, पण तोंड मोठं. कोटाच्या खिशात जाईल आणि जवळून हल्ला करणाऱ्याला थांबवेल, एवढंच त्याचं काम. ते एवढं खपलं की बेल्जियम, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या कारखानदारांनी त्याच्या नकला काढल्या आणि ‘ब्रिटिश बुलडॉग’ हे नाव कोरलं. विकत घेणाऱ्याला ते नाव हवं होतं. लीजमधले कारखानदार या बाबतीत फार तयारीचे. तिथं सगळं काम एका छपराखाली होत नसे. नळ्या व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यातल्या गावांत बनत, बाकीचे भाग घरोघरी कानशीनं घासून तयार होत, आणि शहरातला व्यापारी ते गोळा करून जुळवून घेई. आपल्याकडे एमआयडीसीत जॉबवर्क चालतं तसं. लाकडी मुठीचे दोन स्क्रू दुकानदारांनी काढून दाखवले तेव्हा सांगाड्यावर कानशीचे आडवे ओरखडे तसेच्या तसे दिसले. जे दिसणार नाही तिथं फिनिशिंग कशाला करायचं. मुठीच्या लाकडाच्या आतल्या बाजूला आणि सांगाड्यावर एकच दोन-आकडी क्रमांक ठोकलेला होता, सिलिंडरवरही तोच. तो काही अनुक्रमांक नव्हे. जुळवणी करताना कुठला भाग कुणाचा हे चुकू नये म्हणून. तिन्ही ठिकाणी जुळला याचा अर्थ आमच्या रिव्हॉल्वरचा एकही मोठा भाग नंतर बदललेला नाही.

कप्प्याचा व्यास मागच्या बाजूनं मोजला, बारा मिलिमीटरच्या जरा वर भरला. पणजोबांच्या परवान्यावर ‘.450 बोअर, पाच बारी’ असं होतं, त्या मापाच्या काडतुसाशी ते जुळलं. ही काडतुसं काळ्या दारूची. नंतरच्या बिनधुराच्या दारूचा दाब असल्या जुन्या सिलिंडरला सोसत नाही, म्हणून कुणी कौतुकानंसुद्धा त्यातून बार काढायला जाऊ नये. दुकानदारांनी हे मला हात जोडून सांगितलं आणि मी वाचकांना तसंच सांगते.

परवान्याचा तो कागद आईच्या पोथीत सापडला. 1878 च्या शस्त्रकायद्याखालचा, सन 1921 चा. व्हाइसरॉय लिटनच्या त्या कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली आणि गोऱ्यांना त्यातून मोकळं ठेवलं, हे शाळेत शिकले होते. पण पणजोबांच्या नावापुढे ‘व्यापारी, रोकड वाहतूक करतात’ असं कारण मांडून घेतलेला तो कागद हातात धरला तेव्हा तो कायदा पहिल्यांदा कळला. स्वतःच्या पैशाची राखण करायला किती अर्ज करावे लागले असतील! कागदाच्या मागे मोडीत दोन ओळी होत्या. मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींकडून वाचून घेतल्या. पाचगणीच्या एका पारशी दुकानदाराकडून खरेदी, रुपये बावीस. साहेब नाही, जीव वाचवणं नाही. बावीस रुपये रोख. माझ्या मते ही गोष्ट साहेबाच्या गोष्टीपेक्षा चांगली आहे, कारण ती आमची आहे आणि खरी आहे.

लीजचा आणि आपला संबंध एवढ्यावर संपत नाही. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पाठवली होती. ब्राउनिंग पिस्तुलं तेव्हा बनत ती लीजला लागून असलेल्या हर्स्टालच्या कारखान्यात. एका हिरडा व्यापाऱ्याचं रिव्हॉल्वर आणि नाशिकच्या कटातलं पिस्तूल एकाच परिसरातल्या कारागिरांच्या हातचं. हे कळायला आपल्याकडे शिक्का वाचता येणारा माणूस लागतो. ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून मोकळं होणाऱ्याला ते कधी कळणार नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्या आळीत पलीकडच्या घरचं एक रिव्हॉल्वर होतं. मुलगा परदेशी, म्हाताऱ्या काकूंना अर्ज-विनंत्या झेपेनात, त्यांनी ते रीतसर जमा केलं. मुदतीत कुणी मागणी केली नाही म्हणून ते सरकारजमा झालं आणि पुढे इतर जप्त हत्यारांबरोबर वितळवलं गेलं. सगळं कायद्यानं झालं, मी कुणाला दोष देत नाही. काकूंकडे उरली ती पावती. तिच्यावर लिहिलंय, ‘जुने रिव्हॉल्वर, गंजलेले, नग 1’. त्यांच्या सासऱ्यांनी ते पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेवरून परत येताना आणलं असं त्या सांगायच्या. खरं की खोटं, आता भिंग कशावर धरायचं?

एकट्या आपल्याकडेच असं होतं असंही नाही. 2 जुलै 1881 ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गितो नावाच्या माणसानं गोळी झाडली तीही बुलडॉग जातीच्याच रिव्हॉल्वरमधून. ते रिव्हॉल्वर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेलं आणि तिथून हरवलं. आज ते कसं होतं हे कळतं ते त्याचा फोटो काढून ठेवला होता म्हणून. फोटो होता म्हणून निदान तेवढं तरी उरलं.

माझं मागणं मोठं नाही. गावठी कट्टे आणि गुन्ह्यातली हत्यारं वितळवावीत, त्याबद्दल दुमत नाही. पण जुन्या घरातून निघालेलं, उघडच शंभरी ओलांडलेलं हत्यार जमा होतं तेव्हा पंचनाम्यात ‘जुने, गंजलेले’ याच्या पुढे चार ओळी लिहाव्यात. कप्पे किती, नळी किती लांब, कुठं कुठले शिक्के आणि आकडे. नळीची डावी बाजू, सिलिंडरचं मागचं तोंड आणि सांगाड्याचा खालचा भाग, यांचे जवळून फोटो घ्यावेत. फोटोत शिक्का उमटत नसेल तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवावी, हे काम शाळेतल्या मुलालाही जमतं. आणि नष्ट करण्याचा आदेश निघण्याआधी ती माहिती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जावी. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात बसू शकते, ती देशाबाहेर नेता येत नाही एवढी आपण तिची काळजी घेतो, मग भट्टीत टाकण्यापूर्वी कुणी एकदा पाहायला नको का? निकामी करून संग्रहालयात ठेवण्याजोगी शंभरात दोन निघाली तरी पुष्कळ. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचा निदान फोटो राहील.

घरातल्यांनाही सांगणं आहे. असं काही सापडलं तर घोडा ओढून पाहू नका, चाप दाबू नका, काडतूस आत अडकलेलं असू शकतं. ठाण्याला फोन करा आणि हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. तेल, चुना, चिंच, पॉलिशपेपर काही लावू नका. आणि हत्यारापेक्षा आधी कागद शोधा. परवाना, पावती, रोजमेळ, पोथीत घातलेली चिठ्ठी. वाडा पाडताना माळ्यावरचे कागद पहिले रद्दीत जातात आणि ट्रंकेतलं लोखंड ठाण्यात. दोन्ही एकत्र राहिले तरच त्यांची गोष्ट लागते.

आमचा परवाना तिसऱ्या वर्षी माझ्या नावावर झाला. रिव्हॉल्वर घरी आहे, काडतुसांशिवाय, कपाटाच्या आतल्या कुलपात. निवडणुका आल्या की मीही पिशवीत गुंडाळून ठाण्यात नेते. मला मुलगी आहे, तिला मी शिक्के वाचायला शिकवलेत आणि भावाच्या पॉलिशपेपरनं कुठले दोन शिक्के गेले तेही दाखवलंय.

बातमीतलं हत्यार अजून ठाण्यात असेल तर माझी एक विनंती त्या घरमालकांपर्यंत पोहोचवा. त्यांनी लेखी अर्ज देऊन डाव्या बाजूचा फोटो मागावा. तुमच्या छापलेल्या फोटोत उजवी बाजू वर आली आहे, सिलिंडरमागची काडतूस घालायची झडप तेवढी दिसते. शिक्के बहुधा खाली कागदाला टेकलेत. अधिकाऱ्यांनी परवानगी दिली तर मी माझ्या खर्चानं येईन, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या समोर बसेन. भिंग माझं मी आणते.

आपली,
निवृत्त गुणवत्ता तपासनीस, वाई, जि. सातारा
(घरात शस्त्र असल्यानं नाव छापू नये, ही विनंती. नाव-पत्ता सोबत दिला आहे.)